सेटिंग शोधायची कुठे?

मिरकरवाडा बंदरावर लिलावाच्या घाईत पैसे जमा झाल्याचा आवाज मोबाईलवर आला नाही, की मासळीचा व्यापारी अडतो. आवाज बंद कुठे झाला हे शोधायचे, तर प्रत्येक ॲपचा दरवाजा वेगळा. अँड्रॉइड फोनवर व्हॉट्सॲपच्या सेटिंग्ज वर उजवीकडील तीन ठिपक्यांत, तर गुगल पेच्या त्याच कोपऱ्यातील आपल्या फोटोमागे! आपल्याच फोटोवर बोट ठेवावे, हे कारागिराला सुचावे तरी कसे? शिवाय नोटिफिकेशनची परवानगी फोनच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये असते. ॲपमधले सारे ठीक असूनही फोन गप्प राहतो, तो पुष्कळदा यामुळे.

आमचे मत असे की, भाषा, आवाज आणि सुरक्षा या गोष्टी पहिल्या पानावरच, चित्राशेजारी मराठी अक्षरांत हव्यात. रंग आणि वॉलपेपर खुशाल आत दडवावेत. आपले व्हॉट्सॲप खाते दुसऱ्या कोणत्या यंत्रावर उघडे आहे, हे सांगणारी 'लिंक्ड डिव्हाइसेस'ची यादीही तीन ठिपक्यांआडच आहे. हापूसच्या पेट्यांचे भाव व्हॉट्सॲपवर ठरवणाऱ्या व्यापारी बांधवांनी ती आजच उघडून पाहावी. अनोळखी यंत्र दिसल्यास त्यावर बोट ठेवून 'लॉग आउट' करावे.