‘काही करत नाही तो!’ : मोकळा कुत्रा, खेळणारी मुलं आणि निघून गेलेली माणसं

सांता क्लारामधल्या एखाद्या बागेत किंवा शाळा सुटल्यानंतरच्या मैदानावर संध्याकाळी गेलात, तर हे दृश्य दिसण्याची बरीच शक्यता आहे. एका बाजूला झोपाळे, घसरगुंडी आणि मुलं. दुसऱ्या बाजूला हिरवळीवर चेंडूमागे धावणारा लॅब्रडॉर, आणि त्याची लीश मालकाच्या खांद्यावर. कुत्रा मुलांच्या दिशेने वळतो, एखादं मूल किंचाळून आईच्या पायांना बिलगतं आणि लांबून हाक येते, "डोन्ट वरी, ही इज फ्रेंडली!" मालक आपल्यापैकीच असला तर तेच मराठीत: "घाबरू नका हो, काही करत नाही तो!"

शहराचा नियम सरळ आहे. सार्वजनिक जागेत कुत्रा लीशवर हवा. मोकळं सोडायचं तर त्यासाठी रीड स्ट्रीटवर कुंपण घातलेलं डॉग पार्क आहे. तरी वाद मिटत नाही, कारण दोन्ही बाजू आपापल्या अनुभवावरून बोलतात आणि दोन्ही अनुभव खरे असतात. प्रश्न असा आहे की ते अनुभव कोणत्या नमुन्यावरून आले आहेत?

‘आजवर काही झालं नाही’ याचा अर्थ किती?

समजा, एक मालक म्हणतो, "मी ३०० संध्याकाळी याला इथे मोकळा सोडलाय, एकदाही काही झालं नाही." संख्याशास्त्रात अशा वेळी वापरायचा एक सोपा ठोकताळा आहे, ‘तीनचा नियम’. एखादी घटना n वेळांत एकदाही घडली नसेल, तर तिची शक्यता ३ भागिले n पेक्षा कमी आहे, असं ९५ टक्के खात्रीने म्हणता येतं. म्हणजे ३०० शांत संध्याकाळींवरून इतकंच सिद्ध होतं की एका संध्याकाळी काही घडण्याची शक्यता १ टक्क्याहून कमी आहे. ती शून्य आहे असं सिद्ध होत नाही. आणि मैदानावर कुत्रा एकच नसतो.

त्याहून मोठी अडचण नमुन्याच्या निवडीची आहे. ज्या मुलाला भीती वाटली, त्याचे आईबाबा भांडत बसत नाहीत. ते पाण्याची बाटली उचलतात आणि घरी जातात. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या बागेत जातात, किंवा जातच नाहीत. मैदानावर उरतात ती कुत्र्याला न घाबरणारी मुलं. मालकाला रोज तीच दिसतात आणि त्याची खात्री पटत जाते की ‘इथे कुणालाच त्रास नाही’. तो खोटं बोलत नसतो. ज्यांच्याकडे वेगळा डेटा आहे, ती माणसं त्याच्या नजरेसमोरून निघून गेलेली असतात. मला विचाराल तर या वादाचं मूळ इथे आहे. मैदान मुलांच्या हातून जातं ते बहुतेकदा चाव्यामुळे नाही, तर अशा न बोलता माघार घेण्यामुळे.

भीती खरी, कारण जुनं

आता आपल्याकडेही तपासून पाहू. सहा महिन्यांसाठी आलेले आजी-आजोबा नातवाला बागेत नेतात आणि कुत्रा दिसला की त्याचा हात घट्ट धरतात. त्यांच्या आठवणीत पोटात घ्यायची चौदा इंजेक्शनं आहेत. मेंढ्यांच्या मेंदूच्या ऊतींपासून बनवलेली ती सेंपल लस भारतात २००४ च्या अखेरीपर्यंत तयार होत होती. जगातल्या रेबीजच्या मृत्यूंपैकी सुमारे ३६ टक्के भारतात होतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. तिथे वाढलेल्या माणसाने अनोळखी कुत्र्याला भ्यावं, यात अडाणीपणा काहीच नाही.

पण इथली परिस्थिती वेगळी आहे. कुत्र्यांमध्ये पसरणारा रेबीजचा प्रकार अमेरिकेतून नाहीसा झाल्याचं २००७ मध्ये जाहीर झालं. कॅलिफोर्नियात कुत्र्यांना रेबीजची लस सक्तीची आहे. रेबीज इथे आहे तो मुख्यतः वटवाघळं, स्कंक अशा वन्य प्राण्यांत. तेव्हा रेबीजची धास्ती इथे बरीच कमी करता येते.

चाव्याचं मात्र तसं नाही. अमेरिकेत वर्षाला सुमारे ४५ लाख लोकांना कुत्रा चावतो, असा या शतकाच्या सुरुवातीच्या पाहणीवर आधारलेला अंदाज आहे, आणि त्यात ५ ते ९ वर्षांच्या मुलांचं प्रमाण सर्वाधिक होतं. लहान मुलांना चावा बसतो तो बऱ्याचदा चेहऱ्यावर आणि मानेवर, कारण त्यांची उंचीच तेवढी. इथे पालकांना न आवडणारी गोष्टही सांगायला हवी. मुलांना चावणारी बहुतेक कुत्री ओळखीची असतात: घरातली, मित्राकडची, शेजारची. बागेतल्या अनोळखी कुत्र्यावर डोळा ठेवणारे आपण मित्राच्या घरी पार्टीत मूल आणि कुत्रा यांना एका खोलीत बिनधास्त सोडतो.

तीन सेकंद

‘मी हाक मारली की येतो’ हा दावा आकड्यांत बघू. ताशी २५ किलोमीटर वेगाने धावणारा कुत्रा सेकंदाला साधारण ७ मीटर जातो. मुलं २० मीटरवर असतील तर तो तीन सेकंदांत पोहोचतो. त्यातला एक सेकंद मालकाच्या लक्षात येण्यात जातो, एक हाक मारण्यात. उरला एक. तेवढ्यात कुत्र्याने ऐकायचं, थांबायचं आणि वळायचं.

चावायचा विचारही नसला तरी वजन असतंच. ३० किलोचा कुत्रा वेग कमी करून सेकंदाला ४ मीटरने १६ किलोच्या मुलावर आदळला आणि दोघं एकत्र ढकलले गेले असं धरलं, तर संवेग अक्षय्यतेच्या नियमाने मूल क्षणात सेकंदाला २.६ मीटर, म्हणजे ताशी नऊ किलोमीटर वेगाने मागे फेकलं जातं. कुत्रा प्रेमाने आला होता की रागाने, हे या गणितात कुठेच येत नाही.

दोघांनाही एकमेकांची भाषा येत नाही

कुत्रा चावण्याआधी बहुतेक वेळा सांगतो. जांभई देतो, ओठ चाटतो, मान फिरवतो, डोळ्यांचा पांढरा भाग दिसू लागतो, अंग ताठ होतं, मग गुरगुरणं. ब्रिटिश पशुवैद्य केंडल शेफर्ड यांनी या खुणांची एक शिडीच मांडली आहे. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठात केर्स्टिन माइंट्स आणि सहकाऱ्यांनी लहान मुलांना कुत्र्यांचे चेहरे दाखवले, तेव्हा चार वर्षांच्या मुलांनी सर्वाधिक चुका केल्या. दात विचकलेला कुत्रा अनेकांना हसरा वाटला!

उलट बाजूने, किंचाळत पळणारं मूल कुत्र्याला पाठलागाचं आमंत्रण वाटतं. म्हणून मुलांना शिकवायचं ते ‘पळ’ नाही. ‘स्टॅच्यू!’ हा आपला जुना खेळ इथे नेमका उपयोगी आहे: जागच्या जागी उभं राहायचं, हात अंगाशी घ्यायचे, नजर पायांकडे ठेवायची. खेळायला काही मिळत नाही म्हटल्यावर कुत्रा सहसा निघून जातो.

मग कुत्र्याने धावायचं कुठे?

हा प्रश्न रास्त आहे. छोट्या अपार्टमेंटमध्ये दिवसभर बसलेल्या प्राण्याला मोकळं धावणं हवंच. चेकियातल्या ब्रनो शहरात केलेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, एकमेकांसमोर आलेली कुत्री लीशवर असताना धमकावण्याचं प्रमाण दुपटीहून अधिक दिसलं. लीशविरोधक हा दाखला देतात. पण तो कुत्र्यांमधल्या भेटींचा आहे, कुत्रा आणि मुलाच्या भेटीचा नाही. शिवाय भांडखोर कुत्र्यालाच मालक आवर्जून बांधून ठेवत असणार, म्हणजे इथेही नमुन्याची निवड आलीच.

जागा स्पष्ट वाटून दिली नाही तर काय होतं, हे आपल्यापासून तासाभरावर सॅन फ्रान्सिस्कोत पाहायला मिळतं. गोल्डन गेट राष्ट्रीय मनोरंजन क्षेत्रात १९७९ च्या धोरणाने काही किनाऱ्यांवर कुत्री मोकळी सोडायला मुभा मिळाली. पुढे राष्ट्रीय उद्यान सेवेने लीशचा सर्वसाधारण नियम लावायला घेतला. प्रकरण कोर्टात गेलं, मसुदे आले, जाहीर सुनावण्या झाल्या आणि २०१७ मध्ये नव्या नियमाचा प्रयत्नच सोडून देण्यात आला. जवळजवळ चार दशकं!

याउलट न्यूयॉर्कने २००७ मध्ये वेळ वाटून घेण्याची पद्धत रीतसर नियमात आणली. ठरावीक बागांमध्ये सकाळी ९ पर्यंत आणि रात्री ९ नंतर कुत्री मोकळी, पण मुलांच्या खेळाच्या जागा कायम वर्ज्य. शेजारच्या माउंटन व्ह्यूमध्येही काही बागांच्या ठरावीक भागांत, ठरावीक तासांना अशी मुभा आहे. यात ‘कुत्रा चांगला की वाईट’ हे कुणालाच सिद्ध करावं लागत नाही. घाबरणाऱ्या मुलाला आधीच कळतं की आपली वेळ कोणती.

आपण काय करू शकतो

कुत्रा पाळणाऱ्या मराठी घरांची संख्या इथे वाढते आहे, त्यामुळे हे दोन्ही बाजूंना. मालकांनी एवढं लक्षात ठेवावं की कॅलिफोर्नियाच्या दिवाणी संहितेच्या कलम ३३४२ नुसार सार्वजनिक जागी कुत्रा चावला तर जबाबदारी मालकाची. ‘पहिल्यांदाच चावला’ हा बचाव चालत नाही. पालकांनी मैदानावर ‘तुमचा कुत्रा धोकादायक आहे’ म्हणण्याऐवजी ‘माझ्या मुलीला भीती वाटते, जरा लीश लावाल का?’ असं म्हणून पाहावं. पहिल्या वाक्यावर वाद घालता येतो, दुसऱ्यावर घालता येत नाही. चावा बसलाच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा, डॉक्टरांकडे जा आणि ॲनिमल कंट्रोलला कळवा. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवलं जातं.

आणि ज्यांनी त्या मैदानावर जाणं सोडून दिलं आहे, त्यांनी एकदा शहराच्या पार्क्स अँड रिक्रिएशन कमिशनच्या बैठकीला जावं. नागरिकांना तिथे बोलायला वेळ मिळतो. किती वाजता जायचो, का थांबलो, एवढंच सांगितलं तरी पुरे. कुंपण कुठे घालायचं आणि वेळा कशा ठरवायच्या, हे ठरवताना ती माहिती आज कुणाच्याच हाती नाही.