पाटीवरचा तिसरा शब्द

साक्षरता वर्गाच्या पहिल्या रात्री मी बारा पाट्या आणि पेन्सिलींचे दोन खोके घेऊन गेले. कराडजवळच्या एका गावातल्या बायका जेवणं उरकून साडेआठला समाजमंदिरात जमल्या होत्या. पाट्या वाटल्या तशी कुजबुज झाली. सत्तरीच्या एका आजींनी पाटी जाजमावर पालथी ठेवली आणि म्हणाल्या, “बाई, ही नातवाला द्या. आमाला बचत गटात असतं तसलं लांब रजिस्टर आणा.” दुसऱ्या दिवशी रजिस्टरं आणली. पाट्या अजून माझ्या माळ्यावर आहेत.

पंचवीस वर्षं पहिलीचा वर्ग घेतल्यामुळे अक्षरओळख हा आपला हातखंडा, असं मी धरून चालले होते. ग, म, भ, न अशी सारख्या वळणाची अक्षरं आधी, मग ‘गगन’, ‘नमन’. सहा वर्षांचं मूल ‘गगन’च का, असं विचारत नाही. आजींनी विचारलं. “गगन कुणाला लिव्हायचंय? मला सही शिकवा. बँकेत शाईचा डबा पुढं सरकवत्यात, अंगठा बुडवताना मान वर करवत नाही.”

मग सही. तीन आठवड्यांत सगळ्यांची आली आणि मी खूश झाले. एकदा सहज एका मावशींच्या नावातल्या मधल्या अक्षरावर बोट ठेवलं. “हे कोणतं?” त्या गप्प. त्यांनी सही रांगोळीसारखी काढली होती. कुठून सुरू करायचं, कुठे वळायचं, कुठे रेघ मारायची, सगळं पाठ. पण ते चित्र होतं, अक्षरं नव्हती. मला वाईट वाटलं, त्यांना मुळीच नाही. बँकेतलं काम झालं होतं. त्यानंतर आम्ही नावं सुटी करायला घेतली. तुमच्या नावातलं हे अक्षर हिच्या नावात कुठे आहे? हळद-कुंकवाच्या याद्या, लेकींची, जावयांची नावं. बारा बायकांच्या गोतावळ्यात जवळजवळ अख्खी वर्णमाला निघते.

पेनाचं वेगळंच. एकवीस ठिपक्यांची रांगोळी न चुकता काढणारा हात पेन धरला की कापायचा, कारण पेन मुठीत, खुरपं धरावं तसं. पहिलीतल्या मुलाचा हात हातात घेऊन गिरवून घेते, तसं एकदा करायला गेले. त्या मावशींनी हात हळूच काढून घेतला. तेव्हापासून मी शेजारी बसून माझ्या वहीत लिहिते. ज्यांना बघायचं त्या बघतात.

आणि चाळिशी! हे माझ्या आधी लक्षात यायला हवं होतं. तीन-चार जणी ‘डोक्यातच शिरत नाही’ म्हणून मागे बसायच्या. घ आणि ध, भ आणि म यांत गोंधळ. एकीनं बोलता बोलता सांगितलं की सुईत दोरा आता नातू ओवतो. डोळे तपासून घेतले, जवळचे चष्मे आले, आणि त्यांतल्या दोघी महिन्याभरात बाकीच्यांच्या पुढे गेल्या. कधी वाचायची वेळच आली नाही तर जवळचं दिसत नाही हे माणसाला कळणार कसं?

पुरुष दोनच, तेही दाराशी बसणारे. एक गवंडी. टेप बिनचूक वाचायचा; आठ सुतांचा इंच, बारा इंचांचा फूट, सगळं तोंडावर. पण सत्तावीस लिहायला सांगितलं की ७२. त्याचं काय चुकलं? मराठीत आपण आधी सात म्हणतो, मग वीस. त्याने ऐकलं तसं लिहिलं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस सात’ आलं तेव्हा मीही थट्टा केली होती. आता करणार नाही. शेवटी त्याने टेपच उघडला, सत्तावीस इंचांवर बोट ठेवलं आणि बघून लिहिलं. परत चुकला नाही.

त्याच्यासाठी मी ‘वीट’ हा शब्द घेतला. ब्राझीलच्या पाउलो फ्रेरे यांची ती आठवण. १९६३ साली अँजिकोस गावात त्यांच्या गटाने तीनशेच्या आसपास शेतमजुरांना चाळीसेक तासांत वाचायला शिकवलं. आधी लोकांच्या बोलण्यातले शब्द गोळा करायचे, त्यांवर गप्पा मारायच्या, मग शब्द फोडायचे. त्यांच्या वापरातला एक शब्द ‘तिजोलो’, म्हणजे वीटच. तो फोडून त, ते, ति, तो, तु अशी रांग मांडायची. आपली बाराखडी दुसरं काय आहे? फरक इतकाच की आपण ती आधी घोकून घेतो आणि शब्द मागाहून देतो. ‘वीट’वर गवंडी अर्धा तास बोलला: भट्टी, भाव, कच्ची वीट कशी वाजते. लिहायला पाच मिनिटं लागली.

पाटी पालथी ठेवणाऱ्या आजींच्या आईही शिकल्या होत्या. १९५९ साली आमच्याच सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली, पुढे राज्यभर गेली. गावं साक्षर झाली की ग्रामगौरव समारंभ व्हायचे. कंदिलाच्या उजेडात आई गिरवायची, हे आजींनी लहानपणी पाहिलेलं. “मग?” “मग काय, इसरली. घरात कागूद हुता कुठं वाचाय?” हे ऐकल्यापासून मी प्रत्येकीला विचारते, उद्या काय वाचणार? पासबुक, गोळ्यांचं पाकीट, नातीचा मेसेज. मेसेजमध्ये नवीच अडचण निघाली. पुष्कळ फोनांत ल आणि श हिंदी वळणाचे येतात, आम्ही शिकवतो मराठी वळणाचे. आता दोन्ही दाखवते.

उल्लास या साक्षरता कार्यक्रमाची परीक्षा मार्चमध्ये झाली. वाचन, लेखन, संख्याज्ञान, प्रत्येकी ५० गुण. तिच्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. सगळ्या पास झाल्या, पेढे वाटले.

गेल्या आठवड्यात आजी कराडच्या स्टँडवर एकट्या गेल्या. एसटीची पाटी वाचली: कराड, सातारा. कुणाला न विचारता चढल्या. कंडक्टर तिकिटाला आला तोवर गाडी हायवेला लागली होती, आणि आमच्या फाट्यावर ती थांबलीच नाही. साताऱ्याला जाऊन परत यावं लागलं. अर्धं तिकीट होतं म्हणून निभावलं.

“पाटीवर तिसरा शबुद हुता,” आल्या आल्या त्या म्हणाल्या. “लांबडा हुता म्हून सोडला. कंडक्टर म्हनला, विनाथांबा. आज त्योच घ्या.”

मी ‘ऐ’च्या दोन मात्रा शिकवायच्या ठरवून आले होते. त्या अजून राहिल्याच आहेत.