माघार न घेणारा तर्क



संगणकाला काम सांगावयाच्या बहुतेक भाषा आज्ञार्थी असतात. हे कर, मग ते कर, मग तिसरे कर. परंतु १९७२ साली फ्रान्समधील मार्सेय येथे अलँ कोलमेरोएर व त्यांचे सहकारी यांनी सिद्ध केलेल्या प्रोलॉग या भाषेची रीत निराळी आहे. तीत विधाने मांडावयाची असतात; प्रश्न विचारला की त्या विधानांवरून उत्तर शोधण्याचे काम यंत्राचे. अशा तर्कभाषेत अनेक कामे एकाच वेळी कशी चालावयाची आणि ती एकमेकांशी बोलावयाची कशी, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

एक घरगुती उदाहरण घेऊ. ‘बापाचा बाप तो आजोबा’ हा एक नियम व ‘आईचा बाप तो आजोबा’ हा दुसरा. ‘सदूचे आजोबा कोण?’ असे विचारले असता प्रोलॉग प्रथम पहिला नियम लावून पाहते. तो फसला तर माघार घेऊन दुसरा लावते. यंत्रात अनेक प्रोसेसर असतील तर दोन्ही नियम एकदमच तपासता येतील. या ‘किंवा’च्या वाटा स्वतंत्र आहेत, प्रत्येकीने हिशेबाची आपापली वही ठेवली म्हणजे झाले. खरी अडचण आहे ती ‘आणि’ची. पहिल्या नियमात दोन अटी आहेत : अमका हा सदूचा बाप, आणि तमका हा त्या अमक्याचा बाप. दोन प्रोसेसरांनी एकेक अट उचलली आणि एकाने अमका म्हणजे गोविंद ठरविला, दुसऱ्याने हरी, तर सगळाच घोटाळा व्हावयाचा! दोघांत सामाईक असलेल्या अज्ञाताविषयी त्यांचे एकमत झालेच पाहिजे.

या अडचणीलाच साधन बनविणे, ही या विषयातील मर्माची गोष्ट होय. सामाईक अज्ञात म्हणजे एक रिकामी जागा. एका प्रक्रियेने ती भरावयाची व दुसरीने वाचावयाची. आणि ती भरली जाईपर्यंत वाचणारीने स्वस्थ थांबावयाचे. निराळा निरोप्या नको की निराळा दूरध्वनी नको. जागा एकदाच भरली जाते, म्हणून वाचणारी केव्हाही आली तरी तिला तेच वाचावयास मिळते.

एकदाच भरावयाच्या जागेतून पुष्कळ निरोप कसे जाणार, अशी शंका येईल. आपल्या वर्तमानपत्रातील क्रमशः कादंबरी आठवा. आजचे प्रकरण संपते आणि खाली ‘क्रमशः’ असते. त्याचप्रमाणे भरलेल्या जागेत एक निरोप आणि पुढील निरोपासाठी एक नवी रिकामी जागा असते. ती भरली की तिच्यातही तसेच. अखेरीस ‘समाप्त’ लिहिले की प्रवाह थांबतो. निरोपाला उत्तर हवे असल्यास त्याची रिकामी जागा निरोपातच घालून पाठवावयाची. पूर्वी टपालात जबाबी जोडकार्ड मिळे, तसाच हा प्रकार.

आता कळीचा प्रश्न. एकाच खात्यावर दोघांनी पैसे मागितले, खात्याच्या प्रक्रियेने एकाची मागणी मान्य करून तसे कळविले आणि मग ती म्हणाली की, ‘थांबा, तो नियम फसला, मी माघार घेते’. तर तोवर ज्यांनी ज्यांनी तो निरोप वाचून पुढील कामे केली, त्या साऱ्यांची कामे उलटवावी लागतील. म्हणून या भाषांनी माघारच सोडून दिली. प्रत्येक नियमाच्या आरंभी पहाऱ्याच्या अटी असतात व त्यांच्यापुढे एक उभी रेघ. पहारा ओलांडून जो नियम प्रथम त्या रेघेपलीकडे गेला त्याचीच निवड कायम, आणि इतर नियम बाद! पहाऱ्याची ही कल्पना डाइक्स्ट्रा यांनी १९७५ साली आज्ञार्थी भाषांकरिता मांडली होती. कीथ क्लार्क व स्टीव्ह ग्रेगरी यांनी लंडनच्या इंपीरियल कॉलेजात १९८१ पासून, इस्रायलचे एहूद शापिरो यांनी १९८३ साली व जपानचे काझुनोरी उएदा यांनी १९८५ साली ती तर्कभाषांत निरनिराळ्या रूपांनी रुजविली. उएदांचा नियम तर विशेष साधा आहे : पहाऱ्यावर असताना विचारणाऱ्याची रिकामी जागा भरावयाची नाही, ती भरल्यावाचून पुढे जाता येत नसेल तर थांबावयाचे.

जपानने १९८२ साली हाती घेतलेल्या ‘पाचव्या पिढीच्या संगणका’च्या राष्ट्रीय योजनेत उएदांच्याच भाषेवरून केएल-वन ही भाषा घडविली गेली. प्रथम ६४ प्रोसेसरांचे व पुढे ५१२ प्रोसेसरांपर्यंतचे यंत्र तयार झाले आणि त्यांची कार्यप्रणालीही त्याच भाषेत लिहिली गेली. योजनेची मुख्य मुदत १९९२ मध्ये संपली. तोवर सर्वसाधारण संगणक इतके वेगवान व स्वस्त झाले होते की या खास यंत्रांना बाजारात स्थान मिळाले नाही.

तथापि त्याहून मोलाची किंमत तर्कशास्त्राने मोजली होती. माघार सोडली म्हणजे सर्व उत्तरे शोधण्याचे वचनही सोडले. अशा भाषेने दिलेले उत्तर विधानांना धरूनच असते. परंतु उत्तर असूनही ती ‘नाही’ म्हणू शकते, कारण ज्या वाटेवर ते होते ती तिने रेघ ओलांडताना कायमची टाकलेली असते. आजोबा शोधण्यास प्रोलॉग बरी. खाते सांभाळण्यास मात्र ही दुसरीच रीत हवी.

ही रीत त्या योजनेबरोबर लोपली नाही. स्वीडनमधील एरिक्सन कंपनीत १९८६ च्या सुमारास जो आर्मस्ट्राँग व त्यांचे सहकारी यांनी दूरध्वनी-केंद्रांसाठी अर्लांग ही भाषा रचण्यास घेतली, तिची पहिली आवृत्ती प्रोलॉगमध्येच लिहिलेली होती. तिने सामाईक रिकामी जागा टाकून प्रत्येक प्रक्रियेला स्वतःची टपालपेटी दिली. पण नावाला किंमत एकदाच द्यावयाची आणि निरोप येईपर्यंत थांबावयाचे, हे दोन्ही दंडक ठेवले. व्हॉट्सॲपच्या सेवेची उभारणी याच भाषेवर झाली. आपला निरोप त्या वाटेने जातो तेव्हा कोठेतरी एक प्रक्रिया त्याची वाट पाहत स्वस्थ थांबलेली असते. अनेकांनी मिळून काम करावयाचे तर दिलेला शब्द मागे घेता येत नाही, हे तर्कालाही मान्य करावे लागले.