तपासणीतून वगळलेल्या फायली

संगणकाची आज्ञावली आज एकटादुकटा माणूस लिहीत नाही. अनेक हात एकाच सामाईक भांडारात भर घालीत असतात. तिची ओळ न् ओळ वाचणे माणसाच्या आवाक्याबाहेरचे. म्हणून तपासनिसाचे काम यंत्रावर सोपविले गेले. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत स्टीफन जॉन्सन यांनी १९७८ च्या सुमारास असा एक तपासनीस रचला. त्याचे नाव 'लिंट', म्हणजे कपड्याला चिकटलेले सुताचे बारीक धागे.

परंतु सारेच तपासावे काय? नाही. भांडारात बाहेरून आणलेली ग्रंथालये असतात, यंत्रानेच लिहिलेल्या फायली असतात. त्याही तपासल्या तर तक्रारींचा असा ढीग पडतो की खरी चूक त्याखाली गाडली जाते. म्हणून वगळण्याची यादी असते. जावास्क्रिप्टचा 'ईएसलिंट' हा तपासनीस 'नोड मॉड्यूल्स' ही बाहेरच्या मालाची कोठी आपणहूनच सोडून देतो. यादीत खुणा वापरतात: एक तारका एकाच कप्प्यापुरती चालते, दोन तारका आतल्या सर्व कप्प्यांत शिरतात. म्हणजे एका जादा तारकेने अर्धे भांडार नजरेआड होऊ शकते!

येथे आम्हां कामगार-कार्यकर्त्यांना जुनी ओळख पटते. मस्टरवर नाव नसलेला माणूसही त्याच यंत्रात हात घालतो. अपघात मस्टर पाहून होत नाही. तसेच, तपासणीतून वगळलेली फाईल कामातून वगळलेली नसते.

'एक्सझेड' या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या आज्ञावलीचे उदाहरण घ्या. जुलै २०२३ मध्ये 'जिया टॅन' हे नाव घेणाऱ्या एका व्यवस्थापकाने 'ओएसएस-फझ' या स्वयंचलित चाचणीतून तिची एक सोय बंद करवून घेतली. पुढे फेब्रुवारी २०२४ च्या आवृत्तीत त्याच सोयीचा आधार घेणारे चोरदार आले. त्याचा मजकूर दडविला होता चाचणीच्या नमुना फायलींत, ज्या कोणी वाचीत नाही. आंद्रेस फ्रॉइंड यांना दूरच्या यंत्रात प्रवेश मिळण्यास अर्धा सेकंद जास्त लागताना दिसला. त्यांनी चिकाटीने माग काढला आणि २९ मार्च २०२४ रोजी ते चोरदार जाहीर केले.

तात्पर्य, सवलत द्यावी, पण तिच्यापुढे कारण, मागणाऱ्याचे नाव व मुदत लिहावी. आणि मागणाऱ्यानेच ती मंजूर करू नये. यादी जितकी आखूड, तितकी नजर लांब.