तण, विकर आणि चोरबीटी

ग्लायफोसेट हे तणनाशक तणाला जाळत नाही, उपाशी मारते. फेनिलअ‍ॅलनीन, टायरोसिन आणि ट्रिप्टोफॅन ही तीन अमिनो आम्ले वनस्पतीला शिकिमेट मार्गाने स्वतःच घडवावी लागतात. या मार्गावर ईपीएसपीएस नावाचे विकर, म्हणजे एन्झाइम, काम करते. त्याच्या खोबणीत कच्च्या मालाच्या जागी ग्लायफोसेट जाऊन बसते आणि कारखाना थांबतो. म्हणूनच फवारलेले तण त्या दिवशी हिरवेगारच दिसते. पिवळे पडायला आठवडा लागतो.

आपल्याकडे तणनाशक सहन करणाऱ्या वाणांचा वाद जनुक कुठून आणले यावर अडून बसला आहे. विकरांचा इतिहास पाहिला तर तो चुकीच्या जागी अडला आहे असे मला वाटते. एकाच विकरावर, किती क्षेत्रात, किती वर्षे सलग मारा केला, यावर तणाचे पुढचे पाऊल ठरते. एएलएस हे व्हॅलीन, ल्युसीन आणि आयसोल्युसीन घडवणारे विकर घ्या. त्याला रोखणारे क्लोरसल्फ्युरॉन १९८२ साली बाजारात आले आणि १९८७ सालीच अमेरिकेतील आयडाहोत त्याला न जुमानणारे तण सापडले. या विकराच्या साखळीत एखादा दुवा बदलला तरी काम फारसे बिघडत नाही. औषध मात्र बसेनासे होते.

ईपीएसपीएसचे तसे नाही. त्याच्या खोबणीतील एका ठिकाणचे ग्लायसीन जाऊन अ‍ॅलनीन आले, की एका मिथाइल गटाएवढी जागा भरते. ग्लायफोसेट मावत नाही, पण कच्चा मालही नीट बसत नाही. औषध टळले तरी झाड कुपोषित राहते. ग्लायफोसेट कारखान्याच्या सांडपाण्यात सापडलेल्या सीपी४ या जिवाणूने मात्र हा तोल साधला होता. त्याचेच जनुक १९९६ साली सोयाबीनमधून शेतात उतरले. प्रतिकार तणाला जवळजवळ अशक्य, अशी खात्री तेव्हा दिली जात होती. ती खोबणीपुरती बरी होती. पण तण म्हणजे केवळ खोबणी नव्हे. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील पामर अमरँथ, म्हणजे आपल्या माठ-राजगिऱ्याचा भाऊबंद, विकर बदलायच्या भानगडीत पडलाच नाही. त्याने जनुकाच्या प्रतीच वाढवल्या, पाचपासून १६० पटींहून अधिक. औषध काही विकरे अडवते, उरलेली काम करत राहतात.

यावर कोणी म्हणेल, मग हे जनुक-बदलाचेच पाप. पण ग्लायफोसेटला न जुमानणारे रायग्रास ऑस्ट्रेलियात १९९६ सालीच नोंदले गेले, आणि तिथे असे पीक नव्हते. उलट, २०२१ साली आपल्या कृषी अनुसंधान परिषदेने दिलेले पुसा बासमती १९७९ आणि १९८५ हे वाण जनुक-परिवर्तित नाहीत. त्यांच्यातही एएलएसचाच उत्परिवर्तित अवतार आहे. कायद्याच्या लेखी ते साधे बियाणे. पण ज्या विकराचा प्रतिकार पाच वर्षांत दिसला, तेच हे. अशाच पद्धतीच्या अमेरिकी भातातून हा गुण शेतातल्या रानभातातही गेला, बिगर-जीएम असूनही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: खुरपणीला मजूर मिळत नाहीत, मिळाले तर परवडत नाहीत. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातील अकोली जहांगीर येथे शेतकऱ्यांनी बंदी असलेला एचटीबीटी, म्हणजे तणनाशक सहन करणारा बीटी कापूस उघडपणे पेरला, त्यामागे हीच निकड होती. ती खोटी म्हणता येत नाही. पण अशा चोरून विकल्या जाणाऱ्या बियाण्याच्या, म्हणजे चोरबीटीच्या पाकिटावर फेरपालटाचा सल्ला छापलेला नसतो, आणि कुठले तण वाचले याची नोंद कुणी ठेवत नाही. जॉर्जियात अधिकृत बियाणे, सल्ला आणि नोंदी सगळे होते. तरीही तिथल्या कापसात पामर अमरँथ इतका माजला, की तणनाशक मारून झाल्यावर मजूर लावून तो हाताने उपटावा लागला.