छापून आले म्हणजे खरेच असते का?



वर्षावासात आपल्या विहारांतून ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. ग्रंथाच्या सुरुवातीच्या परिचयात बाबासाहेबांनी विचारलेला एक प्रश्न मात्र पुष्कळ ठिकाणी घाईत वाचला जातो. म्हातारा, आजारी आणि मृत माणूस पाहून सिद्धार्थाने घर सोडले, ही कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेली, सगळीकडे छापलेली. बाबासाहेबांनी विचारले, तेव्हा त्यांचे वय २९ वर्षे होते. तोवर त्यांना अशी माणसे कधी दिसलीच नसतील का? उत्तर पटण्यासारखे नव्हते. एवढी आदराची कथा, पण त्यांनी ती बाजूला ठेवली आणि शाक्य-कोलियांच्या रोहिणी नदीच्या पाण्याच्या तंट्यात खरे कारण दाखवले.

औषधाच्या पत्रकाला आपण असा प्रश्न विचारतो का? ‘शुगर मुळापासून बरी’ असे सांगणारी पुस्तिका घरात येते, शिकलेला मुलगा ती मोठ्याने वाचून दाखवतो आणि आठ दिवसांत आईची गोळी बंद होते. चूर्ण सुरू. शुगर वाढली तरी बरेच दिवस काही दुखत नाही, म्हणून औषध लागू पडले असे वाटते. तोवर पायाच्या नसा, डोळे, मूत्रपिंड खराब होत राहतात.

छापील शब्द कसा फसवतो, याचे आपल्या सगळ्यांच्या आठवणीतले उदाहरण कोरोनिलचे आहे. १९ फेब्रुवारी २०२१ रोजी दिल्लीत पतंजलीने या औषधाचा कार्यक्रम घेतला. मंचावर तेव्हाचे केंद्रीय आरोग्यमंत्री हर्षवर्धन होते, आपल्या नागपूरचे नितीन गडकरी होते. मागच्या फलकावर जागतिक आरोग्य संघटनेच्या नावाची इंग्रजी आद्याक्षरे होती. लगेच बातमी पसरली की संघटनेने औषधाला मान्यता दिली. त्याच दिवशी संघटनेने सांगितले की कोविडवरच्या कोणत्याही पारंपरिक औषधाचा गुण आम्ही तपासलेला नाही, प्रमाणितही केलेला नाही. मग कंपनीच्या बाळकृष्ण यांनी खुलासा केला: प्रमाणपत्र भारताच्या औषध महानियंत्रकांचे आहे, संघटना कोणत्याही औषधाला मान्यता देत नाही. योग्य प्रमाणपत्राशिवाय महाराष्ट्रात विक्री होऊ देणार नाही, असे आपले तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी जाहीर केले.

म्हणजे फलकावरची अक्षरे खोटी नव्हती, त्यांचा अर्थ वेगळा होता. औषध ठरलेल्या पद्धतीने तयार होते, परदेशी पाठवता येते, इतकेच असा कागद सांगतो. गिरणी स्वच्छ असल्याचा दाखला मिळाला म्हणून त्या पिठाच्या भाकरीने ताप उतरत नाही.

म्हणून कागदावर मोठे नाव दिसले की विचारावे, हे त्यांनी स्वतः म्हटले आहे, की त्यांच्या नावावर दुसरा कोणी म्हणतो आहे? मंचावर मंत्री बसले म्हणून औषध लागू पडत नसते. नंतर पुस्तिकेचे शेवटचे पान उघडावे. तिथे औषध मागवायचा फोन नंबर असेल, तर सल्ला देणारा आणि विकणारा एकच आहे. कंपनीने दवाखान्यात लावलेल्या गुळगुळीत पोस्टरलाही हाच नियम. आयुर्वेदाला एक माप आणि ॲलोपॅथीला दुसरे, असे करू नये.

‘अमुक गावच्या पाटलांची शुगर ४०० वरून १२० झाली’ हा मजकूर सर्वांत जास्त भुलवतो. पाटलांनी चूर्णासोबत गोड सोडले का, चालायला लागले का, गोळी चालूच होती का, हे त्यात नसते. ज्यांना गुण आला नाही त्यांचे फोटो कोण छापणार? शिवाय उपाशीपोटीची शुगर रोज बदलते. एका आकड्यावरून काही ठरत नाही. त्यासाठी तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणी असते.

कायदाही आपल्या बाजूने आहे. औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ चा. त्याच्या यादीत ५४ आजार व अवस्था आहेत: मधुमेह, रक्तदाब, कर्करोग, हृदयविकार, मुतखडा. हे बरे करतो अशी औषधाची जाहिरात लोकांत करणे गुन्हा आहे. पत्रक, लेबल, वेष्टनसुद्धा जाहिरातच धरले जाते. पतंजलीच्या जाहिरातींविरुद्ध इंडियन मेडिकल असोसिएशन २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेली. २०२४ मध्ये रामदेव आणि बाळकृष्ण यांना वर्तमानपत्रांतून माफी छापावी लागली. ती स्वीकारून न्यायालयाने ऑगस्टमध्ये अवमानाची कारवाई संपवली. जाहिरात छापूनच आली होती, हे लक्षात ठेवा. आपल्या हाती असे पत्रक आले तर ते फाडू नका. अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करताना तोच पुरावा असतो.

प्रामाणिक पुस्तकही जुने होते. हगवणीत लेकराचे खाणे-पिणे बंद करा, असे सांगणारी जुनी पुस्तके अजून घरांत सापडतात. आज ओआरएस, झिंकच्या गोळ्या आणि अंगावरचे दूध चालू ठेवणे हाच उपचार आहे. पुस्तक कोणत्या वर्षाचे, ते आधी पाहावे.

पुस्तिका आवडली असेल तर ती घेऊन उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात या, आशाताईंना दाखवा. तोवर गोळी चालू ठेवा. आणि ज्या लेकराला लहानपणापासून इन्सुलिन लागते, त्याचे इंजेक्शन कोणत्याही कागदावरून एक दिवसही बंद करू नका. अशा लेकराचा जीव दोन-चार दिवसांत धोक्यात येतो.