पिल्लाआधी त्याची आई पाहा

"४५ दिवसांचे लॅब्राडोर, सगळी इंजेक्शने झालेली, आज घेतले तर कमी करू." असा निरोप आणि एक गोंडस फोटो मोबाईलवर येतो, मुले हट्ट धरतात, आणि दोन दिवसांनी कल्याणला किंवा अंबरनाथला स्टेशनबाहेर खोक्यातून पिल्लू हातात पडते. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या वाचकांना हा प्रकार नवा नाही. त्या एका निरोपातच दोन गोष्टी खटकायला हव्यात.

पहिली वयाची. कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांसाठी केंद्र सरकारने २०१७ साली नियम केले. त्यांप्रमाणे ८ आठवड्यांपेक्षा, म्हणजे ५६ दिवसांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. बाजारात मात्र ४५ दिवस हेच वय रूढ झाले आहे, कारण पिल्लू लवकर गेले की विकणाऱ्याचा खाण्याचा आणि लसीचा खर्च वाचतो. याच दिवसांत पिल्लू भावंडांशी खेळताना एक मोलाची गोष्ट शिकत असते: जोरात चावले की समोरचे ओरडते आणि खेळ थांबतो. हे न शिकता घरी आलेले पिल्लू मुलांचे हात चावते, आणि मग आपण त्यालाच चावरे ठरवतो.

दुसरी गोष्ट इंजेक्शनांची. पहिली लस साधारण ६ ते ८ आठवड्यांत देतात. पुढचे डोस तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सुमारे १६ आठवड्यांपर्यंत चालतात. रेबीजची लस तर साधारण ३ महिन्यांनंतरची. तेव्हा दीड महिन्याच्या पिल्लाची 'सगळी' इंजेक्शने झालेली असूच शकत नाहीत. कार्डावर लसीच्या बाटलीचे लेबल, तारीख आणि पशुवैद्याची सही-शिक्का नसेल तर ते कार्ड नाही, नुसता कागद आहे.

यात पिल्लाच्या जिवाला सर्वांत मोठा धोका पार्व्हो या विषाणूचा. लागण झाल्यावर साधारण ३ ते ७ दिवस काही दिसत नाही. म्हणजे घेताना पिल्लू उड्या मारत असते, आणि आठवडाभरात उलट्या, रक्ताचे जुलाब सुरू होऊन गळून जाते. सलाईन लावायला एक दिवसाचा उशीरही महाग पडतो. माणसाला हा आजार होत नाही, पण विषाणू घरात महिनोन्‌महिने टिकतो. म्हणून पिल्लू दगावल्यावर मुलांची समजूत काढायला लगेच दुसरे आणू नये. आणायचेच तर ते लस पूर्ण झालेले असावे.

हे टाळायचे तर पिल्लू जिथे वाढले तिथे स्वतः जावे आणि आधी त्याची आई पाहावी. आमच्या मते बाकी सगळ्या चौकशा यानंतरच्या. आई खंगलेली आहे का, अंगाला हात लावू देते का, जागेला कुबट वास येतो का, इतर पिल्लांचे डोळे-नाक वाहते का, पोट फुगलेले म्हणजे जंत आहेत का, हे पाहायला डॉक्टर असावे लागत नाही. मादी किमान १८ महिन्यांची हवी, ८ वर्षांपुढची नको, वर्षातून एकदाच आणि आयुष्यात जास्तीत जास्त पाच वेळा तिची वीण घ्यावी, असे तेच नियम सांगतात. ब्रीडरची नोंदणी राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे असायला हवी. ते प्रमाणपत्र मागण्यात संकोच कसला? "आई गावाला आहे" किंवा "तुम्ही येऊ नका, मीच आणून देतो" असे उत्तर आले, तर तो व्यवहार तिथेच सोडावा.

केनेल क्लबचे कागद दाखवले जातात. ते वंशावळीचे असतात, तब्येतीचे नव्हेत. जात मानत नाही म्हणणारी आपली माणसेही कुत्रा घेताना 'जात शुद्ध आहे ना' असे विचारतात, याची आम्हाला गंमत वाटते. शुद्धतेच्या नादात जवळच्या नात्यात वीण घेतली की दोष पिढ्यान्‌पिढ्या उतरतात. लॅब्राडोर आणि जर्मन शेफर्डला खुब्याच्या सांध्याचा त्रास, पगला चपट्या नाकामुळे श्वासाचा. हस्की तर बर्फातला प्राणी. एप्रिल-मेमध्ये बराकीच्या पत्र्याखाली त्याचे हालच होतात. गल्लीतले देशी पिल्लू आपल्या हवेला सरावलेले असते, आणि त्याला पैसे पडत नाहीत. लसी मात्र त्यालाही सगळ्या लागतात.

बदलापूरकरांनी एक लस विशेष लक्षात ठेवावी. २००५ आणि २०१९ च्या जुलैमध्ये उल्हास नदीचे पाणी वस्तीत शिरले होते. अशा पाण्यातून, उंदरांच्या आणि लागण झालेल्या कुत्र्यांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो, आणि तो माणसालाही होतो. पिल्लाच्या लसींत लेप्टोची लस आहे का, हे विचारून घ्यावे आणि ती दरवर्षी पावसाळ्याआधी द्यावी.

आता रेबीज. पिल्लू लहान आहे, विकत घेतलेले आहे, दात दुधाचे आहेत, म्हणून ओरखड्याकडे दुर्लक्ष होते. मुले तर मार बसेल किंवा पिल्लू परत देतील या भीतीने जखम लपवतात. त्यांना आधीच सांगून ठेवा की सांगितल्यावर कोणी रागावणार नाही. दात लागला किंवा रक्त आले, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी. हळद, तिखट, चुना काही लावू नये. त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जावे; उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय, अंबरनाथचे छाया रुग्णालय जवळच आहेत. "दहा दिवस पिल्लावर लक्ष ठेवू, मग बघू" असे करू नये. लक्ष जरूर ठेवावे, पण लस आधी सुरू करावी आणि डॉक्टर सांगतील ते सर्व डोस पुरे करावेत. लक्षणे दिसू लागल्यावर रेबीजचा रुग्ण वाचत नाही.

पैसे देताना पावतीवर पिल्लाची जन्मतारीख लिहून घ्यावी, आणि दोन दिवसांत आपल्या पशुवैद्याने आजारी ठरवले तर परत घेऊ, हेही लिहून घ्यावे. चांगला ब्रीडर याला नाही म्हणत नाही. उलट तोच तुम्हाला प्रश्न विचारतो: घरात दिवसभर कोण असते, जागा किती, आधी कुत्रा होता का, आणि अशोक विजयादशमीला सगळे नागपूरला निघालात की याला कोण सांभाळणार?